संगणकाला ‘कंचेभागुबेव’ शिकवू या

घरात किंवा ओळखीच्या दुकानात चार क्रियांचे एखादे साधे कॅल्क्युलेटर असेल तर ते जरा मागून घ्या आणि त्यावर या क्रमाने कळा दाबा : २, +, ३, ×, ४, =. अशा बहुतेक यंत्रांवर उत्तर येईल २०. आता त्याच कळा त्याच क्रमाने एखाद्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर दाबा. उत्तर येईल १४. दोन्ही यंत्रे धडधाकट आहेत, दोघांच्याही बॅटऱ्या ठीक आहेत आणि दोघांनाही बेरीज-गुणाकार उत्तम येतो. मग हा सहाचा फरक आला कोठून?

तुम्ही म्हणाल, “सर, १४ बरोबर. कंचेभागुबेव!” अगदी खरे. आधी कंस, मग ‘चे’, मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा मंत्र प्राथमिक शाळेत आपण सर्वांनीच घोकला आहे. साध्या यंत्राला तो ठाऊक नाही. त्याला पूर्ण ओळ कधी दिसतच नाही. गुणाकाराची कळ दाबल्याबरोबर ते हातातली २ + ३ ही बेरीज उरकून टाकते आणि मग पुढचे ऐकते. दुकानदाराला तेच सोयीचे असते, म्हणून त्याला दोष देण्याचे कारण नाही. दुसरे यंत्र मात्र थांबते. २ आणि + कोठे तरी बाजूला ठेवते, ३ × ४ पुरे होऊ देते आणि मग बाजूला ठेवलेले परत काढते.

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न एवढाच आहे : हे ‘थांबणे’ यंत्राला शिकवायचे कसे? त्यासाठी आपण गणिताची ओळ वाचून तिचे उत्तर देणारी एक आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, तयार करणार आहोत. मात्र आधी संगणकावर नव्हे. आधी कागदाच्या चिठ्ठ्या आणि वर्गातले तीन-चार मित्र एवढेच साहित्य पुरेल.

हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. प्रोग्रॅमिंग शिकवायचे म्हणजे पडद्यावर ताऱ्यांचे त्रिकोण छापायचे, मूळसंख्यांची यादी काढायची, असा आपल्याकडे एक ठरलेला रस्ता आहे. मुले ते त्रिकोण चक्क पाठ करतात आणि परीक्षेत उतरवून काढतात. त्रिकोणाला माझा विरोध नाही. पण तो छापून झाल्यावर पुढे काय, याचे उत्तर त्यात नाही. उलट, जी यंत्रणा आपण लिहिलेली ओळ वाचते आणि पाळते तीच एकदा स्वतः बांधून पाहिली, तर संगणकाच्या पोटात काय चालते याबद्दलची निम्मी भीती जाते.

दुभाषा आणि भाषांतरकार

संगणकाच्या प्रक्रियकाला मुळात फक्त अंकांच्या रूपातल्या आज्ञा कळतात. आपण पायथॉनसारख्या भाषेत काही लिहिले, तर मध्ये कोणी तरी हवा. हा मधला दोन प्रकारचा असतो. एखादे पुस्तक पूर्ण भाषांतरित करून हाती देणारा असतो तसा ‘कंपायलर’. तो सगळी आज्ञावली एकदम यंत्राच्या भाषेत उतरवतो. दुसरा, दोन पाहुण्यांच्या मध्ये उभा राहून एकेक वाक्य ऐकून लगेच त्याप्रमाणे करणारा दुभाषा, म्हणजे ‘इंटरप्रिटर’. १९८४ साली आपल्या देशात ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि काही शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यांच्यात बेसिक भाषेचा असा दुभाषा एका चिपमध्ये कायमचा भरून ठेवलेला होता. बटण दाबले की तो हजर.

आपण बांधणार आहोत तो दुभाषाच. त्याची भाषा अगदी इवलीशी आहे. तीत फक्त संख्या, चार क्रिया आणि कंस.

तुकडे पाडणे

आपण ‘१२ + ३’ असे लिहिले की आपल्या डोळ्यांना बारा, अधिक आणि तीन दिसतात. संगणकाला तसे दिसत नाही. त्याच्याकडे येते ती नुसती चिन्हांची रांग : एक, दोन, मोकळी जागा, अधिक, मोकळी जागा, तीन. ‘एक’ आणि ‘दोन’ शेजारी आले म्हणजे बारा होतात, हेदेखील त्याला सांगावे लागते.

सांगायचे ते असे. अंक दिसला की हातातल्या संख्येला १० ने गुणा आणि नवा अंक मिळवा. ४०७ घ्या. सुरुवातीला हातात शून्य. ४ आला : ० × १० + ४ = ४. मग ० आला : ४ × १० + ० = ४०. मग ७ आला : ४० × १० + ७ = ४०७. पुढचे चिन्ह अंक नसेल तर संख्या संपली. दशांश चिन्ह आले तर त्यापुढचे अंक दशांश, शतांश म्हणून मिळवायचे. मोकळी जागा टाकून द्यायची. एकं-दहं-शतं आपण पहिलीत शिकलो; ते येथे यंत्राला शिकवावे लागते.

येथे एक गमतीची गोष्ट आहे. संगणकात प्रत्येक चिन्हाला एक संकेतांक असतो. इंग्रजी पद्धतीने लिहिलेल्या शून्याचा संकेतांक ४८ आणि नवाचा ५७. म्हणून आलेल्या संकेतांकातून ४८ वजा केले की अंकाची किंमत मिळते. सातचा संकेतांक ५५, त्यातून ४८ गेले, राहिले ७. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत आपल्या देवनागरी शून्यालाही स्वतःचा संकेतांक आहे, २४०६. आणि नवाचा २४१५. तेव्हा आपल्या भाषेला देवनागरी आकडे वाचता यावेत असे वाटत असेल, तर ४८ च्या जोडीला २४०६ वजा करण्याची आणखी एक सोय ठेवायची. बस्स! एका वजाबाकीत तुमचा दुभाषा मराठी आकडे वाचू लागतो.

या पायरीच्या शेवटी आपल्यासमोर चिठ्ठ्यांची एक पट्टी तयार होते. प्रत्येक चिठ्ठीवर एक पूर्ण संख्या किंवा एक चिन्ह. हे काम सोपे आहे, म्हणून येथे जास्त रेंगाळत नाही.

व्याकरण तीन ओळींचे

मराठीचे व्याकरण शिकताना आपण वाक्याची फोड करतो. तशीच फोड गणिताच्या ओळीची करता येते. बीजगणितातले तीन ओळखीचे शब्द घेऊ : पदावली, पद आणि अवयव.

पदावली म्हणजे एक पद. आणि त्यापुढे हवे तितक्या वेळा ‘+ किंवा −, मग आणखी एक पद’.
पद म्हणजे एक अवयव. आणि त्यापुढे हवे तितक्या वेळा ‘× किंवा ÷, मग आणखी एक अवयव’.
अवयव म्हणजे एक संख्या. किंवा उघडा कंस, त्यात एक पदावली, मग मिटता कंस.

२ + ३ × ४ ही ओळ या नियमांनी तपासा. तिच्यात दोन पदे आहेत : २ आणि ३ × ४. गुणाकार हा पदाच्या आत राहतो आणि बेरीज पदांच्या मध्ये. म्हणून ‘गुणाकार आधी’ असे वेगळे सांगण्याची गरजच उरत नाही; कंचेभागुबेव या तीन ओळींच्या रचनेतच बसले आहे.

पण चाणाक्ष वाचकाने एव्हाना बोट उगारले असेल. पदावली पदांची, पद अवयवांचे आणि अवयव पुन्हा पदावलीचा? हे तर शब्दकोशातल्या त्या जुन्या चेष्टेसारखे झाले : ‘पाणी म्हणजे जल; जल पहा. जल म्हणजे पाणी, पाणी पहा.’ तसे ते नाही. प्रत्येक वेळी कंस ओलांडून आत गेले की पाहायची पट्टी आधीपेक्षा लहान असते. लहान होत होत केव्हा तरी नुसत्या संख्येवर येऊन थांबावेच लागते. व्याख्येत स्वतःचाच उपयोग करण्याच्या या युक्तीला रिकर्शन म्हणतात. अनेक जण या शब्दाला घाबरतात. तुम्ही मात्र कंस सोडवायला शिकलात तेव्हापासून तो वापरत आहात.

संगणकाच्या भाषेचे व्याकरण असे नेमक्या नियमांनी लिहिण्याची पद्धत जॉन बॅकस यांनी १९५९ साली पॅरिसच्या परिषदेत मांडली. पीटर नाऊर यांनी ती १९६० च्या ‘अल्गोल ६०’ या भाषेच्या अहवालात वापरली, म्हणून तिला दोघांचे नाव मिळाले. पुढे १९६७ साली पीटर इंगरमन यांनी एका संगणकविषयक नियतकालिकात पत्र लिहून सुचवले की, या पद्धतीला पाणिनी-बॅकस असे नाव द्यावे. कारण सुमारे चार हजार सूत्रांची अष्टाध्यायी रचताना पाणिनीने अशाच धाटणीचे नियम केव्हाच वापरले होते. पाणिनीला संगणक ठाऊक होता असा अर्थ यातून कोणी काढू नये. भाषा नियमांत बांधता येते, हे त्याला ठाऊक होते, आणि ते पुरेसे मोठे आहे.

तीन कारकून

आता खेळ. टेबलावर चिठ्ठ्यांची पट्टी मांडा : २०, −, ३, ×, (, ४, +, १, ). उत्तर ५ यायला हवे, हे मनाशी ठेवा. तीन कारकून नेमा आणि प्रत्येकाला त्याचा नियम कागदावर लिहून द्या.

अवयव-कारकून : पुढची चिठ्ठी उचल. ती संख्या असेल तर तीच उत्तर म्हणून दे. उघडा कंस असेल तर पदावली-कारकुनाला बोलाव, त्याचे उत्तर घे, पुढची चिठ्ठी मिटता कंस आहे ना ते पाहून ती उचल, आणि ते उत्तर दे. दुसरे काही दिसले तर ‘चूक!’ म्हणून ओरड.

पद-कारकून : अवयव-कारकुनाकडून संख्या घे आणि कागदावर लिही. पुढची चिठ्ठी × किंवा ÷ असेपर्यंत ती उचल, अवयव-कारकुनाकडून आणखी एक संख्या घे, क्रिया कर, आणि जुना आकडा खोडून नवा लिही. चिठ्ठी दुसरी काही असेल तर तिला हात लावू नकोस. कागदावरचा आकडा उत्तर म्हणून दे.

पदावली-कारकून : हेच सगळे, फक्त × ÷ च्या जागी + आणि −, आणि अवयव-कारकुनाच्या जागी पद-कारकून.

‘हात लावू नकोस’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. चिठ्ठी नुसती पाहणे आणि ती उचलणे यांत फरक आहे. आपल्या कामाची नसलेली चिठ्ठी उचलली तर ती ज्याच्या कामाची आहे त्याला मिळणारच नाही.

सुरुवात पदावली-कारकुनाने करायची. तो पद-कारकुनाला विचारतो, पद-कारकून अवयव-कारकुनाला. अवयव-कारकून २० उचलून देतो. पद-कारकून पुढे पाहतो. तेथे − आहे, तो आपला नाही, म्हणून तो २० वर पाठवतो. पदावली-कारकून २० लिहितो, − उचलतो आणि पद-कारकुनाला पुन्हा हाक मारतो. या वेळी पद-कारकुनाच्या कागदावर ३ येतात, तो × उचलतो आणि अवयव-कारकुनाकडे दुसरी संख्या मागतो. अवयव-कारकुनाच्या हाती लागतो उघडा कंस.

येथे वर्गात हमखास गोंधळ उडतो. नियमाप्रमाणे अवयव-कारकुनाने पदावली-कारकुनाला बोलवायचे. पण तो तर ‘२० −’ लिहून आधीच वाट पाहत बसला आहे! त्याने आपला कागद खोडायचा की काय? आमच्या महाविद्यालयात शाळकरी मुलांसाठी सुटीत जे वर्ग होतात तेथे हा खेळ घेताना मी येथे मुद्दाम गप्प राहतो. बहुधा दोन मिनिटांच्या आत कोणी तरी म्हणते, “सर, त्याला दुसरा कागद द्या ना.”

हेच उत्तर. तोच कारकून, तोच नियम, पण नवा कोरा कागद. आणि तो जुन्या कागदावर ठेवायचा. पोळ्यांची चळत असते तशी कागदांची चळत होते. वरचा कागद संपला की तो काढून टाकायचा. खालचा जसाच्या तसा वाट पाहत असतो. चार वाचताना चळतीत सहा कागद असतात : प्रत्येक कारकुनाचे दोन-दोन. नवा पदावली-कागद ४ लिहितो, + उचलतो, १ मिळवतो, ५ होतात; पुढे मिटता कंस दिसतो, तो त्याचा नाही, म्हणून तो ५ देऊन चळतीवरून उतरतो. अवयव-कारकून मिटता कंस उचलून ५ वर पाठवतो. पद-कारकुनाच्या जुन्या कागदावर ३ × थांबलेलेच आहेत; ३ × ५ = १५. तळाच्या कागदावर २० − थांबलेले आहेत; २० − १५ = ५. पट्टी संपली, चळत संपली.

सायंटिफिक कॅल्क्युलेटर २ आणि + कोठे ठेवते, हा आपला पहिला प्रश्न होता. अशाच चळतीत. संगणकाच्या स्मृतीतली ही चळत प्रत्येक चालू आज्ञावलीला लागते. पायथॉनमध्ये तुम्ही एका फंक्शनमधून दुसरे बोलावता तेव्हा कागदांची हीच उठाठेव भाषा तुमच्यासाठी मुकाट्याने करत असते.

शेवटी एक तपासणी विसरू नका. उत्तर आल्यावर पट्टीवर चिठ्ठी उरली आहे का ते पहा. ‘७ ३’ अशी पट्टी दिली तर कारकून ७ उचलून उत्तर देतील आणि ३ तशीच पडून राहील. उरलेली चिठ्ठी म्हणजे चूक.

मंत्रातले खड्डे

आता १० − ४ + ३ सोडवा. कंचेभागुबेव या मंत्राची अक्षरे शब्दशः पाळली तर बेरीज वजाबाकीच्या आधी येते; म्हणजे ४ + ३ = ७ आणि १० − ७ = ३. बरोबर उत्तर आहे ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, त्यांतली जी डावीकडे असेल ती आधी, भागाकार-गुणाकाराचेही तसेच. गुरुजींनी हे सांगितलेले असते, पण मंत्र लक्षात राहतो आणि टीप विसरते. आपल्या कारकुनाला मात्र विसरता येत नाही. त्याच्या नियमात + आणि − शेजारी बसले आहेत आणि तो डावीकडून एकेक उचलतो.

नियम थोडा वेगळा लिहिला असता तर? समजा आपण म्हटले असते, ‘पदावली म्हणजे एक पद, किंवा एक पद, मग + किंवा −, मग एक पदावली.’ वाचायला हे जास्त सुटसुटीत वाटते. पण १० − ४ − ३ त्याला द्या. तो १० हातात धरतो आणि उरलेली ‘४ − ३’ ही आख्खी पदावली आधी सोडवतो. १० − १ = ९. खरे उत्तर ३. दोन्ही नियम अगदी त्याच ओळी शुद्ध मानतात आणि त्याच ओळी अशुद्ध ठरवतात, तरीही उत्तरे वेगळी.

आणि ‘चे’? हा ‘चे’ संगणकाच्या कोणत्याही प्रचलित भाषेत नाही. पण भाषा आपली आहे, आपण तो घालू शकतो. २४ ÷ २ × ३ हे डावीकडून ३६ होतात. २४ ÷ २ चे ३ यात मात्र ‘२ चे ३’ म्हणजे ६ आधी होतात आणि उत्तर येते ४. ‘चे’ गुणाकारच करतो, पण पकड अधिक घट्ट ठेवतो. तेव्हा पद-कारकून आणि अवयव-कारकून यांच्यामध्ये आणखी एक ‘चे-कारकून’ बसवा. त्याचा नियम पद-कारकुनाचाच, फक्त चिन्ह ‘चे’. पद-कारकुनाने आता अवयव-कारकुनाऐवजी त्याला विचारायचे. बाकी एकही अक्षर बदलावे लागत नाही.

मग ‘एक द्वितीयांश चे ३०’ घालून पहा. उत्तर १५ हवे. तुम्ही ‘१ ÷ २ चे ३०’ असे लिहिले तर दुभाषा २ चे ३० म्हणजे ६० आधी करील आणि एकाला साठाने भागेल! वहीत आपण अपूर्णांकाची आडवी रेघ मारतो ती केवळ भागाकाराची खूण नसते. ती वरच्या आणि खालच्या संख्येला न दिसणारा कंसही घालते. ओळीत लिहिताना तो कंस आपणच द्यायचा : (१ ÷ २) चे ३०. वर्षानुवर्षे अपूर्णांक सोडवूनही ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यंत्राला समजावायला बसले की दुसऱ्याच मिनिटाला येते.

असे वाद मोठ्या भाषांतही आहेत. ऋण २ चा वर्ग विचारा. एक्सेलच्या तक्त्यात ते सूत्र लिहिले तर उत्तर ४ येते, पायथॉनमध्ये ऋण ४. एकाने ऋणचिन्हाला घातापेक्षा घट्ट धरले, दुसऱ्याने सैल.

शंटिंगचा रस्ता

याच प्रश्नाची आणखीही उत्तरे निघाली आहेत. १९५७ साली बॅकस यांच्या गटाने फोरट्रान ही भाषा दिली, तेव्हा एक गमतीदार युक्ती केली होती. ओळीच्या सुरुवातीला दोन कंस उघडा आणि शेवटी दोन मिटा. प्रत्येक + च्या आधी दोन कंस मिटा आणि नंतर दोन उघडा. प्रत्येक × च्या आधी एक मिटा, नंतर एक उघडा. २ + ३ × ४ चे होते ((२)) + ((३) × (४)). कोणताही विचार न करता नुसती चिन्हे बदलली आणि कंस योग्य जागी पडले! कंस नसलेल्या दोन-चार ओळींवर हे करून पहा.

नेदरलँड्सच्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६१ साली दुसरी रीत लिहिली. त्यांना रेल्वेचे यार्ड आठवले. भुसावळ किंवा दौंडचे यार्ड पाहिलेल्यांना ते लगेच पटेल. संख्यांचे डबे सरळ पुढे जाऊ द्यायचे. क्रियांचे डबे बाजूच्या रुळावर घ्यायचे आणि योग्य वेळी परत मुख्य मार्गावर आणायचे. डाइक्स्ट्रा हे मूळचे लायडेन विद्यापीठातले सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून मला त्यांच्याविषयी जरा जास्त जिव्हाळा. १९५७ साली विवाहनोंदणीच्या वेळी त्यांनी आपला व्यवसाय ‘प्रोग्रॅमर’ असा सांगितला. असा काही व्यवसाय नसतो म्हणून तो स्वीकारला गेला नाही आणि कागदावर पदार्थवैज्ञानिक असे लिहिले गेले.

या यार्डातून गाडी बाहेर पडते ती अशी : २० ३ ४ १ + × −. कंस नाहीसे झाले. संख्या दिसली की चळतीवर ठेवा; क्रिया दिसली की वरच्या दोन काढा, क्रिया करा, उत्तर परत ठेवा. चळत अशी बदलते : २०, ३, ४, १, मग २०, ३, ५, मग २०, १५, मग ५. क्रिया आधी लिहून कंस टाळण्याची पद्धत पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२० च्या दशकात काढली होती. ही तिची उलटी आवृत्ती. १९७२ साली निघालेल्या एचपी-३५ या खिशातल्या कॅल्क्युलेटरवर हीच रीत होती. त्यावर बरोबरची कळच नव्हती.

इंग्रजी बोलणाऱ्यांना ही रीत सुरुवातीला तिरपागडी वाटते. मराठी माणसाला वाटू नये. आपण तोंडाने काय म्हणतो? ‘चार आणि एक मिळवा. त्याला तिनाने गुणा.’ आधी संख्या, मग क्रिया. आपले क्रियापद शेवटीच येते.

गणकाची भाषा होते तेव्हा

आपला दुभाषा आत्तापर्यंत एका ओळीचे उत्तर देऊन सगळे विसरतो. त्याला एक वही द्या. वहीत दोन रकाने : नाव आणि किंमत. आता नियमांत दोन छोट्या भरी घाला. पहिली : चिठ्ठीवर अक्षरे असतील तर ते नाव; अवयव-कारकुनाने वहीतून त्याची किंमत पाहून द्यावी, नसेल तर ओरडावे. दुसरी : ओळ ‘नाव =’ अशी सुरू होत असेल तर उजवीकडच्या पदावलीचे उत्तर त्या नावापुढे लिहावे. आता पहा काय लिहिता येते :

ग = ९.८
वेळ = ३
अंतर = ग × वेळ × वेळ ÷ २

स्थिर स्थितीतून सोडलेला दगड तीन सेकंदांत किती मीटर पडेल (हवेचा विरोध सोडून), त्याचे उत्तर वहीत येते : ४४.१. शिक्षकांनी नववीचा गतीचा धडा घेताना हे करून पाहावे. येथे = या चिन्हाचा अर्थ बीजगणितातल्यासारखा नाही, हेही मुलांना दाखवता येते. ‘वेळ = वेळ + १’ हे समीकरण म्हणून अशक्य आहे; आज्ञा म्हणून साधे आहे. वहीतली जुनी किंमत काढा, एक मिळवा, परत लिहा.

चुकाही दोन जातींच्या असतात, त्या वेगळ्या सांगायला दुभाष्याला शिकवा. ‘७ + × ३’ ही व्याकरणाची चूक. अवयव-कारकुनाला संख्येच्या जागी × मिळतो आणि तो ओरडतो. ‘५ ÷ (३ − ३)’ व्याकरणाने निर्दोष आहे, पण उत्तर नाही. ‘टेबलाने सोमवार प्याला’ या वाक्याइतकेच ते शुद्ध आणि तितकेच निरर्थक. पहिली चूक चिठ्ठ्या वाचतानाच कळते, दुसरी हिशेब करताना. कितवी चिठ्ठी चुकली तेही दुभाष्याने सांगावे. नुसते ‘चूक’ म्हणणारे यंत्र, उत्तरपत्रिकेवर नुसती फुली मारणाऱ्या परीक्षकासारखे त्रासदायक असते.

एवढे सगळे पायथॉनमध्ये लिहायला शे-सव्वाशे ओळी पुरतात. प्रत्येक कारकुनाचे एक फंक्शन. कागदांची चळत भाषा स्वतः सांभाळते. कळफलकावर × आणि ÷ नसतात, त्यांच्याऐवजी तारका आणि तिरपी रेघ घ्या.

आणि मग एक कोडे. आपल्या भाषेत घात घाला, ‘^’ या चिन्हाने. २ ^ ३ ^ २ किती? डावीकडून गेलात तर ८ चा वर्ग, ६४. पण गणितात प्रघात उजवीकडून जाण्याचा आहे : आधी ३ चा वर्ग ९, मग २ चा नववा घात, ५१२. हा घात-कारकून कोठे बसवायचा ते तुम्ही ठरवा. त्याचा नियम कसा लिहायचा हे मात्र शोधावे लागणार नाही. वजाबाकीच्या वेळी १० − ४ − ३ चे ९ करणारा जो नियम आपण टाकून दिला, तोच येथे चिन्ह बदलून बसवा.